आबा आणि डॉक्टरची गाडी

जुन्या विलायती गाडीत जो माणूस स्वतःची अक्कल चालवतो त्याला भर चौकात फटके दिले पाहिजेत, असं माझे सासरे आबा मला पहिल्यांदा म्हणाले, तेव्हा त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत ग्रीसने माखले होते आणि ते एका जुन्या विलायती गाडीत मुंबईच्या टॅक्सीचं इंजिन बसवत होते. मी नवी सून, हातात चहाचा कप. फटके नक्की कोणाला द्यायचे, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. पुढे त्या घरात वर्षं काढली, हिंमत आली, तोंडही चांगलंच सुटलं, पण या प्रश्नाचं धड उत्तर काही मिळालं नाही.

गाडी दोन माणसांची, बिनछपराची आणि रस्त्याला पोट टेकेल इतकी बुटकी होती. बॉनेटवर दोन गोल दिवे डोळ्यांसारखे वर आलेले, म्हणून जळगावातलं आमचं अख्खं पिंप्राळा तिला बेडकी म्हणायचं. कंपनीचं इंग्रजी नाव मला कधी नीट उच्चारता आलं नाही; मी शाळेत मराठी शिकवते, माझी जीभ तिकडे वळत नाही. घरात मात्र बेडकी म्हणायची सोय नव्हती. आबांसाठी ती ‘डॉक्टरची गाडी’ होती. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी असायची आणि दर रविवारी सकाळी आबा एकटेच तिला गावाबाहेर नेऊन परत आणायचे. मोकळी हवा खायला नाही, गाडीचे सांधे धरू नयेत म्हणून.

आबांचं जळगावात इंजिन-पंपाचं दुकान होतं. शेतकरी पंप घ्यायला यायचे आणि पंपाबरोबर आबांची मतं घेऊन जायचे. चहात आलं किती असावं, मुलीचं लग्न कितव्या वर्षी करावं, भरिताचं वांगं कोणत्या गावचं आणावं, आबांचं मत तयार असायचं. दुकानात आणि माझ्याशी ते जपून, पुस्तकी मराठी बोलायचे. संतापले, किंवा फार आतलं काही बाहेर आलं, की अहिराणी. गाडीचा विषय निघाला की दोन्ही भाषा एकदम सुरू व्हायच्या, आणि मग मी हातातलं काम बाजूला ठेवायची.

त्या गाडीत मूळचं काय उरलं होतं, देव जाणे. टॅक्सीचं इंजिन उंच पडलं, बॉनेट बंद होईना, म्हणून धान्याच्या कोठ्या करणाऱ्या कारागिराकडून बॉनेटवर पत्र्याचा फुगा करून घेतला होता. पावसात वर ओढायचा टप केळीच्या ट्रकवर टाकतात त्या ताडपत्रीचा. गाद्या रिक्षाच्या सीटा शिवणाऱ्याने शिवलेल्या, त्यावर ही मोठाली गुलाबाची फुलं. बेडकीचे डोळेसुद्धा तिचे नव्हते. ते स्कूटरचे दिवे होते. वेग दाखवणारं घड्याळ कधीच बंद पडलं होतं, तर त्या भोकात आबांनी दुकानातला पाण्याच्या पंपाचा दाब मोजायचा काटा बसवला होता.

“आबा, हा काटा काय दाखवतो?” मी एकदा विचारलं.

“काही नाही.”

“मग बसवला कशाला?”

“भोक वाईट दिसत होतं. आणि चालवणाऱ्याला समोर काहीतरी हलताना दिसलं की धीर येतो.”

मी म्हटलं, हे अक्कल चालवणं नाही का? तर आबा मला समजावायला लागले. “गरज वेगळी, हौस वेगळी, सूनबाई. गरजेपोटी केलं तर गाडी मनावर घेत नाही.” मग गाद्यांवरची फुलं कोणती गरज, असं विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच काहीतरी चुकीचं बोलले असेन असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी आपणहून म्हणाले, “साधं कापड संपलं होतं त्याच्याकडे.”

माझं माहेर धुळ्याचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आबा मला स्वतः एसटीने माहेरी सोडायला यायचे, आणि त्यामागे माझ्यावरच्या मायेइतकंच दुसरंही कारण होतं. धुळ्यात एक कापडाचे व्यापारी होते, मूळचे राजस्थानकडचे, त्यांना सगळे शेठ म्हणत. शेठकडे डिट्टो तशीच गाडी होती, त्याच बनावटीची. फक्त शेठने तिला लाल भडक रंग दिलेला, बशा वाटाव्यात अशी रुंद चाकं लावलेली, कॅसेट वाजवायचं यंत्र बसवलेलं आणि तीन सुरांत वाजणारा हॉर्न. इंजिनाला मात्र शेठने हात लावला नव्हता. मला माहेरच्या दारात सोडलं की आबा पाणीसुद्धा न पिता तडक शेठच्या अंगणात जायचे, आणि मला हौस म्हणून मीही मागोमाग जायची.

आबा त्या गाडीभोवती मयताला आल्यासारखे फिरायचे. “शेठ, वाटोळं केलं हो तुम्ही हिचं. हे चाक आहे का? हा काय रंग आहे? नवरी आहे का ती?”

शेठ गादीवरून हलायचे नाहीत. “आबा, आपल्या गाडीचं सांगा ना. वरतून विलायती, अंदरसे भंगार बाजार. माझी तर अजून इंजिन से असली आहे. शौक की चीज, शौक से ठेवली.”

“गाडी शौकाची नसते, शेठ. जबाबदारीची असते.”

“अरे, मग बैलगाडी घ्यायची.”

असा वाद दर आखाजीला, त्याच शब्दांत. एकाने आतलं बदललं आणि बाहेरचं जपायचा प्रयत्न केला, दुसऱ्याने बाहेरचं बदललं आणि आतलं जपलं. दोघांनाही दुसऱ्याने पाप केलंय असं वाटायचं. मला दोन्ही गाड्या सारख्याच बिघडलेल्या दिसायच्या, किंवा सारख्याच छान, दिवसावर अवलंबून. एक मात्र खटकायचं. शेठला इतकं झापणारे आबा निघताना त्या हॉर्नचं बटण एकदा दाबूनच निघायचे. “आवाज अजून तसाच वाईट आहे का, ते पाहिलं,” म्हणायचे.

आबांना एवढी जबाबदारी कसली, ते मला यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने सांगितलं. डॉक्टर आबांचे शाळेपासूनचे जिवलग. मुंबईला डॉक्टरकी शिकताना त्यांनी ही गाडी एका पारशी गृहस्थाकडून घेतली आणि जळगावला आणली. मग ते विलायतेला जायला निघाले. स्टेशनवर आबा पोचवायला गेले होते. आगगाडी सुटताना डॉक्टरांनी खिशातून चावी काढली, खिडकीतून आबांच्या हातात ठेवली, आणि दोघांनाही रडू फुटल्यामुळे कोणी काहीच बोललं नाही. झालं. तेव्हापासून आबा डॉक्टरांची अमानत सांभाळत होते.

“पण दिली नसेल कशावरून?” मी आबांना विचारलं होतं. “भेट म्हणून?”

“भेट अशी देतात का?” आबा म्हणाले. “द्यायची असती तर कुंकू लावून, नारळ-सुपारी हातात ठेवून दिली असती. आपल्यात रुमालसुद्धा कोणी तसा देत नाही. नुसती चावी दिली, म्हणजे सांभाळायला दिली.”

“पत्रात कधी विचारतात का गाडीबद्दल?”

“नाही विचारत. विश्वास असला म्हणजे माणूस विचारत नाही.”

मला कधी कधी वाटायचं, आबांच्या डोक्यात मेंदूऐवजी एखादा वकील बसलाय. पण त्यांचा चेहरा इतका निर्मळ असायचा की हसूही यायचं नाही.

श्रावणात आमच्या घरी कानबाई बसते. पाटावर नारळाची देवी, तिला नथ, डोळे, साडी, आणि घरभर प्रसादाच्या रोटांचा वास. आमच्या कानबाईचं नारळ सासूबाईंच्या सासूच्या आधीपासूनचं. नारळ खराब झालंच तर नवं आणतात, ते जुन्या नारळाला भेटवतात, आणि मग नवं नारळ हीच ती पूर्वीची कानबाई. माझ्या दुसऱ्या का तिसऱ्या श्रावणात मी पूजेचं आवरत होते, तर पाटाच्या मागे केळीच्या पानावर दोन लोखंडी वस्तू शेजारी शेजारी मांडलेल्या. एक गंजून लाल झालेली, एक नवी कोरी. दोन्हींना हळद-कुंकू. मी घाबरून हाक मारली.

“हात लावू नको,” आबा म्हणाले. “भेट चालू आहे.”

तेव्हा मला कळलं. गाडीचा जो भाग बदलायचा तो आबा कानबाईपर्यंत थांबवून ठेवायचे, जुन्याला नवा भेटवायचे आणि मगच बसवायचे. जुना भाग पोत्यात बांधून शेडमध्ये जपायचे. “नारळ बदललं म्हणून कानबाई बदलते का?” ते मला म्हणाले. “तशीच ही. सगळं बदला, बठ्ठं बदललं तरी डॉक्टरनीच गाडी शे.”

हे आबा खरंच मानत होते की माझी गंमत करत होते, हे मला आजही सांगता येणार नाही. मी स्वतः त्या नव्या भागाला नमस्कार केला, एवढं खरं.

मग नव्वदनंतर कधीतरी एका हिवाळ्यात डॉक्टरांचा दुकानावर फोन आला. ते येत होते, आठवडाभर, फक्त आबांना भेटायला. आबा घरी आले आणि जेवलेच नाहीत. आनंद असेल असं आम्हाला वाटलं. पानावरून उठून ते थेट शेडमध्ये गेले आणि गाडीसमोर उभे राहिले.

“ओळखेल का तो हिला?” ते मला म्हणाले.

त्या दिवसापासून आबांची सगळी मतं उलटी फिरली. टॅक्सीचं इंजिन काढून जुनं बसवायचं म्हणून पोतं सोडलं, तर आत गंजाचे तुकडे. फुलांच्या गाद्या काढल्या, परत घातल्या. पत्र्याचा फुगा ठोकून सपाट करायला घेतला आणि बॉनेटच वाकडं झालं. यांनी समजावलं, “आबा, गाडी चालती आहे, डॉक्टरकाका खूष होतील.” आबा म्हणाले, “तू एखाद्याकडे गाय ठेवली आणि त्याने परत देताना म्हैस दिली, तर खूष होशील का?” दुपारी तेच आबा मला सांगायचे, “भेट झालेली आहे सगळ्याची. तीच गाडी आहे. तुला काय वाटतं?” मी म्हणायची, तीच आहे. हे म्हणायचे, तीच आहे. पण आमच्या म्हणण्याने काय होणार? ज्याची वस्तू त्याने म्हणायला हवं होतं. मित्राची ठेव आपण राखली की घालवली, एवढंच आबांना त्याच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि त्या पायी माणूस पार वाळून गेला.

डॉक्टर आले. टक्कल, छातीत बसवलेलं यंत्र, तोंडात कवळी, अंगात लोकरी कोट. त्यांना पाहून आबाच क्षणभर गोंधळले. पण रिक्षातून उतरता उतरता ते म्हणाले, “सुपड्या, कसा शे रे तू?” आणि आबा लहान मुलासारखे रडले. आमच्या आबांचं नाव सुपडू आहे हे पिंप्राळ्यात तोवर कोणाला ठाऊक नव्हतं.

चहापाण्यालाही न थांबता आबा त्यांना मागे घेऊन गेले. शेडसमोर गाडी धुऊन पुसून उभी. शेजारी सतरंजीवर पोत्यांतले सगळे जुने भाग मांडलेले. आबा एका बाजूला हात जोडल्यासारखे उभे राहिले. डॉक्टरांनी गाडीभोवती एक फेरी मारली, फुग्यावर थाप मारली, त्या काट्याकडे वाकून पाहिलं आणि हसून म्हणाले, “मस्त शे रे. हाई कोनी गाडी शे?”

कोणाची गाडी आहे ही.

आबांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. “तुन्ही,” ते म्हणाले. “ओळखू येणार नाही. मी फार बदललं. चुकलं मनं.”

डॉक्टर सतरंजीकडे बघत राहिले. मग मी चहा टाकायला आत गेले, तसे ते माझ्यामागे स्वयंपाकघरात आले आणि पाटावर बसले. हा माणूस आता काय बोलतो म्हणून मी उगाचच कप विसळत राहिले.

“सूनबाई, मी ती याला देऊन टाकली होती,” ते म्हणाले. “जाताना माझ्याकडे द्यायला दुसरं होतं काय? सगळ्यात लाडकी वस्तू होती ती माझी. मला वाटलं, हा चालवेल, फिरेल, मजा करेल. पत्रात कधी विचारलं नाही, कारण दिलेल्या वस्तूची चौकशी करत नाहीत. मला वाटलं, विकून टाकली असेल केव्हाच.”

मी कप खाली ठेवला. “हे तुम्हीच सांगा त्यांना,” मी म्हटलं. “मला जमायचं नाही.”

त्यांनी सांगितलं, ओसरीवर, आबांचा हात हातात घेऊन. मला वाटलं होतं आबा सुटतील, इतक्या वर्षांचं ओझं उतरेल. आबा ताडकन उठले.

“मन्ही? मन्ही ऱ्हाती तं मी हिले अशी ठेवतू का?”

आणि मग सुरूच झाले. रुंद चाकं लावली असती. लाल रंग दिला असता, आतून पांढरा. कॅसेटचं यंत्र. तीन सुरांचा हॉर्न. शेठच्या गाडीला लावलेली एकेक वस्तू आबांनी तोंडपाठ म्हणून दाखवली, आणि शेठने न लावलेल्याही दोन-तीन. पाठीमागे पंखासारखा पत्रा असतो म्हणे, तोसुद्धा. मी दाराला धरून ऐकत होते. शौकाची नसते, जबाबदारीची असते, असं शेठला दर आखाजीला सुनावणारा माणूस तो हाच का, मला समजेना. डॉक्टरही हबकले. “मंग आते लाय ना भो,” ते हळूच म्हणाले, आता लाव की म्हणून. आबा आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले.

डॉक्टर गेले. निघताना त्यांनी माझ्याकडून कुंकू आणि नारळ-सुपारी मागून घेतली आणि चावीबरोबर आबांच्या हातात रीतसर ठेवली. त्यानंतर शेठला कुठून कळलं कोण जाणे, ते स्वतः धुळ्याहून आले आणि तीन सुरांचा हॉर्न कागदात गुंडाळून देऊन गेले. एकही टोमणा न मारता. आमचे हे चाकं आणायला मुंबईला निघायला तयार होते. पण आबा म्हणायचे, थांब. सकाळी लाल रंग म्हणायचे, संध्याकाळी नको म्हणायचे. कोणी दुसऱ्या कशावर मत विचारलं, अगदी वांग्यावर, तरी म्हणायचे, “तुम्हाला बरं वाटेल तसं करा.” एकदा शेडमध्ये मला म्हणाले, “मला काय आवडतं तेच समजत नाही, सूनबाई. इतके दिवस त्याला काय आवडेल तेच पाहत होतो.” त्यानंतर आबा जेमतेम वर्षभर होते. गाडीला त्यांनी शेवटपर्यंत नवीन काही लावलं नाही. आता गाड्यांचे शौकीन लोक येतात, हे सगळं काढा, मूळ रूपात आणा, असं मला सांगतात. मी चहा देते आणि वाटेला लावते.

त्याच वर्षातली एक सकाळ तेवढी सांगायची राहिली. आबा न्हाऊन, इस्त्रीचा सदरा घालून शेडमधून गाडी बाहेर काढून उभे. “सूनबाई, चल, बस. डोंगरात मनुदेवीच्या दर्शनाला जाऊन येऊ.” त्या गाडीत त्यांच्याशेजारी मी कोणाला बसलेलं पाहिलं नव्हतं. मी चांगली साडी नेसले, कॉलनीतल्या बायका बघत होत्या आणि मला भलताच मान वाटत होता. तापीचा पूल ओलांडला, यावल मागे पडलं. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, तोंडावर गार वारा, समोर तो कशाचाही नसलेला काटा नाचतोय. मी हसत होते. आणि आबांनी गाडी कडेला घेऊन थांबवली.

इंजिन तापलं असेल असं मला वाटलं. आबा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत होते.

“तुन्ही सासू,” ते म्हणाले, “दर नवरात्रमा म्हने, माले मनुदेवीले ली चाला. एक डाव या गाडीमा बसू द्या.”

सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलंय.

“मग?” मी विचारलं. विचारलं नसतं तर काय बिघडलं असतं.

“मंग काय. मी दर डाव सांगू, परकी गाडी शे. आपले बसता येत नही.”

मला त्या सीटवर बसवेना. दार उघडून मी खाली उतरले. का उतरले, ते मला तेव्हाही नीट कळलं नव्हतं आणि आजही कोणी विचारलं तर सांगता येत नाही. आबांनी माझ्याकडे पाहिलं. शेजारच्या सीटवर राहिलेली माझी पिशवी त्यांनी मला दिली, सीटवरची धूळ हाताने झटकली, आणि गाडी डोंगराच्या बाजूला घेऊन गेले, अगदी सावकाश, खड्डे चुकवत.

बांधावर केळीचे घड वाहणाऱ्या बाया विसाव्याला बसल्या होत्या. त्यांच्यातल्या एका म्हातारीने मला सावलीत जागा करून दिली आणि विचारलं, “बाबा एकलाच कोठे चालना वं?”

“एकटे नाही गेले,” मी म्हटलं, आणि मला रडू आलं.